मुहम्मद अलीच्या सहीचा ग्लोव्ह: खरा-खोटा कसा ओळखायचा, आणि इकडच्या हवेत कसा टिकवायचा?

रिंगसाइड_ठाणे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे मुहम्मद अलीच्या सहीचा लाल एव्हरलास्ट ग्लोव्ह आहे. घ्यायचा विचार चालू आहे, पण रक्कम मोठी असल्याने आधी इथे विचारतोय.

ग्लोव्ह उजव्या हाताचा, लेसवाला, १६ औंसांचा. काळ्या मार्करने मोठी, सरसर केलेली सही आणि खाली १९७४ साल. विक्रेता म्हणतो की १९७४ च्या किन्शासाच्या लढतीत (जॉर्ज फोरमनविरुद्धच्या) हाच ग्लोव्ह वापरला आणि नंतर अलीने त्यावर सही केली. सोबत त्याच्याच दुकानाचं सर्टिफिकेट, सोनेरी होलोग्राम आणि आजीवन हमी. ग्लोव्ह अगदी कोरा दिसतो, सही जराही फिकटलेली नाही.

विचारायचं असं की फोटोंवरून सही तपासता येते का? हा सोडावा लागला तर पहिली खरेदी म्हणून दुसरं काय बघावं? आणि ठाण्यातल्या पावसाळ्यात असा ग्लोव्ह घरी ठेवायचा कसा?

---

शाई_आणि_कागद

विकणाऱ्याने स्वतःच दिलेल्या सर्टिफिकेटला पुरावा म्हणून काहीही किंमत नाही. होलोग्राम कुठल्याही छापखान्यात हजारांनी छापून मिळतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत कॅलिफोर्नियातलं खोट्या सह्यांचं मोठं जाळं उघडं पाडलं. त्यात खोट्या सह्या करणारे, त्या विकणारे आणि त्यांना सर्टिफिकेट देणारे एकाच साखळीत होते. तेव्हाचा माल आजही बाजारात फिरतोय, आणि आता त्याच्यासोबत वीस-पंचवीस वर्षांचं 'जुनं' सर्टिफिकेटही आहे. म्हणून कागद जुना दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका. पीएसए/डीएनए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या तीन कंपन्यांपैकी एकीचं प्रमाणपत्र नसेल तर अलीची वस्तू घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ते प्रमाणपत्र मागण्याआधीही बरंच काही घरबसल्या कळतं. अलीच्या बाबतीत एक सोय आहे जी फार थोड्या खेळाडूंच्या बाबतीत मिळते. त्याचा हात आयुष्यभर बदलत गेला आणि बदलाचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. त्यामुळे सहीचं वय आणि वस्तूचं वय, दोन्ही वेगवेगळं काढायचं आणि जुळतात का ते बघायचं. बहुतेक खोटा माल इथेच पडतो.

सहीचे टप्पे थोडक्यात. मार्च १९६४ पर्यंत तो कॅशियस क्ले. त्या काळातली खरी सही जवळजवळ नेहमी बॉलपेनने किंवा फाउंटन पेनने, कागदावर, कार्यक्रमपत्रिकेवर, वहीच्या पानावर असते. शार्पी मार्कर बाजारात आला तोच १९६४ साली. तेव्हा १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या फोटोवर जाड मार्करने केलेली 'कॅशियस क्ले' सही दिसली तर ती बहुधा त्या वेळची नाही. खोटी असेलच असं नाही; पुढे कराराने झालेल्या सह्यांमध्ये त्याने जुनं नावही लिहून दिलेलं आहे. पण जुन्या सहीचा भाव तिला देऊ नका.

१९६४ नंतर आणि सत्तरच्या दशकात 'मुहम्मद अली' असं पूर्ण नाव येतं. अक्षरं उजवीकडे झुकलेली, एकात एक गुंफलेली, वाचता येणारी, आणि सगळी सही एका दमात झालेली. ऐंशीच्या दशकात हात मंदावतो. पार्किन्सन्सचं निदान १९८४ सालचं. नव्वदीत सही आखूड होते, 'मुहम्मद'मधली मधली अक्षरं नुसत्या उंचवट्यांसारखी उरतात. २००० नंतरची सही लहान, आवळलेली, कोनाकोनाची. ऐंशीच्या दशकात तो सहीखाली तारीखही बऱ्याचदा घालायचा, हे आपलं नशीब. अशा तारीखवार सह्या पीएसएच्या संदर्भसंग्रहात आणि हेरिटेज, आरआर या लिलावगृहांच्या जुन्या विक्रींच्या पानांवर फुकट बघता येतात. निदान तीस-चाळीस सह्या नजरेखालून घाला. त्यातही एकाच दोन-तीन वर्षांतल्या सह्या शेजारी-शेजारी लावा. १९७२ ची सही १९९८ च्या सहीशी ताडून काही हाती लागणार नाही.

आता तुमच्या ग्लोव्हचं. विक्रेत्याकडे हे फोटो मागा: मनगटाच्या आतलं लेबल, दोन्ही बाजू, लेसची भोकं आणि तिथली शिवण, तळव्याची बाजू, आणि सहीचा अगदी जवळून काढलेला फोटो, शक्यतो दहापट भिंगातून. सहीत तीन जागा बघायच्या. पहिली, रेघ सुरू होते आणि संपते ती टोकं. भरभर लिहिताना पेन टेकण्याआधीच हात चालू असतो, त्यामुळे टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा आधी पेन टेकवतो, मग ओढतो. तिथे शाईचा गोळा होतो. दुसरी, दोन रेघा एकमेकींवरून जातात ती जागा. तिथे शाई दुप्पट गडद दिसायला हवी. सगळीकडे एकसारखी असेल तर छापील असण्याची शक्यता आहे. तिसरी जागा फक्त ग्लोव्हवरच मिळते. ग्लोव्हच्या पृष्ठभागाला बारीक दाणा असतो. वेगाने गेलेला मार्कर दाण्यांच्या माथ्यांवरून सरकतो आणि मधल्या खोलगट जागा कोऱ्या राहतात, त्यामुळे भिंगाखाली रेघ किंचित तुटक दिसते. हळूहळू काढलेल्या रेघेत शाई त्या खळग्यांमध्ये उतरून भरते आणि कडा फुगतात. लांबून दोन्ही सह्या सारख्याच, जवळून जमीनअस्मानाचा फरक.

आणि विक्रेत्याला विचारा की हा १६ औंसांचा ग्लोव्ह लढतीत कसा काय आला. १६ औंसांचे ग्लोव्ह सरावाचे. हेवीवेटच्या लढतीत इतके जड ग्लोव्ह वापरत नाहीत. आज १० औंसांचे असतात.

---

रिंगसाइड_ठाणे

इतक्या तपशिलात लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. फोटो आले. लेबलवर मेड इन पाकिस्तान, खाली कंपनीचा वेबपत्ता आणि मागच्या बाजूला बारकोड. औंसांबद्दल विचारल्यावर विक्रेता आता म्हणतो की लढतीचा नाही, लढतीआधीच्या सरावातला आहे. सहीचा जवळचा फोटो मात्र पाठवला नाही.

---

शाई_आणि_कागद

मग विषय संपला. १९७४ साली कुठल्याच ग्लोव्हच्या लेबलवर वेबपत्ता असणं शक्य नाही. ग्लोव्ह नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा आहे, आणि तोपर्यंत अलीच्या हातून तुम्ही सांगता तशी मोठी, सरसर सही होत नव्हती. वस्तूचं वय आणि हाताचं वय यांत वीस वर्षांहून जास्त अंतर पडलंय. सही कितीही हुबेहूब असो, ती या ग्लोव्हवर अलीने केलेली असूच शकत नाही. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट प्रश्नागणिक बदलतेय, तेही लक्षात घ्या.

याच ग्लोव्हवर लहान, आवळलेली, २००१-०२ च्या वळणाची सही असती तर मी म्हटलं असतं, पुढे तपासा. अलीने त्या वर्षांत नव्या कोऱ्या एव्हरलास्ट ग्लोव्हवर कराराने भरपूर सह्या केल्या आहेत. 'ऑनलाइन ऑथेंटिक्स'च्या होलोग्रामचे ग्लोव्ह त्यातलेच, आणि ते आजही विकायला येतात.

---

उपरकट

एक शंका. उतारवयातली अलीची सही थरथरती असते ना? मग सहीत थरथर दिसली तर ती खरी असल्याची खूण मानावी का?

---

शाई_आणि_कागद

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. पार्किन्सन्समधली थरथर मुख्यतः हात स्थिर असताना येते. हात कामाला लागला की ती कमी होते. लिखाणावर त्याचा खरा परिणाम वेगळा: अक्षर लहान होतं, आणि लिहिता लिहिता आणखी लहान होत जातं. हाताचा फेर आखडतो, गोलाईच्या जागी कोन येतात, मध्येच पेन थांबून पुन्हा निघतं.

नक्कल करणाऱ्याला हे माहीत नसतं. तो सत्तरच्या दशकातली मोठी सही घेतो आणि तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी थरथर चढवतो. आकार मोठा, ऐटदार आणि रेघ मात्र दातेरी, असं दिसलं की सावध व्हा. अलीच्या खऱ्या उशिराच्या सह्यांत कंप कधीकधी दिसतो, पण त्याच्या जोडीला आकारही आक्रसलेला असतोच.

---

न्यू_जर्सीकर

रिंगसाइड, तो ग्लोव्ह गेला ते बरंच झालं. पहिली खरेदी म्हणून काय घ्यावं याबद्दल लिहितो.

अलीच हवा असेल तर ग्लोव्हचा हट्ट सोडा. ऐंशी-नव्वदच्या दशकात अली भेटेल त्याला इस्लामविषयीची छोटी पत्रकं सही करून वाटायचा. ती हजारोंनी आहेत, बहुतेकांवर बॉलपेनने किंवा मार्करने सही, बऱ्याचदा कुणाचं तरी नाव घालून आणि तारखेसह. ग्लोव्हपेक्षा पुष्कळ स्वस्त. नाव घातलेल्या वस्तूंना पुनर्विक्रीत कमी भाव येतो, म्हणून नवे लोक त्या टाळतात. माझा सल्ला उलटा आहे. खोट्या सह्या करणारा सहसा कुणाचं नाव घालत नाही, कारण मग गिऱ्हाईक कमी होतात. तुम्हाला विकायचं नसून जपायचं असेल, तर 'अमुकला, सप्रेम' असं लिहिलेलं पत्रक कोऱ्या सहीपेक्षा कमी जोखमीचं. तरी प्रमाणपत्र हवंच.

दुसरा रस्ता, हयात माजी विजेते. माइक टायसन, इव्हँडर होलीफील्ड, लॅरी होम्स. यांच्या बाबतीत 'विटनेस्ड' प्रकारचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे सही होताना जेएसए, बेकेट किंवा पीएसएचा माणूस समोर हजर होता. सहीवरून अंदाज बांधून दिलेलं मत वेगळं आणि डोळ्यांदेखत झालेली सही वेगळी. दोन्ही सर्टिफिकेटं दिसायला जवळपास सारखी असतात, म्हणून त्यावर 'विटनेस्ड' शब्द आहे का ते नीट वाचा. टायसनच्या नावावर खोटा माल अलीइतकाच आहे. त्याची हल्लीची घाईतली सही चार फटकाऱ्यांची असल्याने नक्कल सोपी जाते. म्हणून टायसन घ्यायचा तर विटनेस्डच घ्या. २०१८ च्या सप्टेंबरात तो मुंबईत आला होता, वरळीच्या एनएससीआय डोममधल्या कार्यक्रमाला. तेव्हाची सही म्हणून कोणी इथे ग्लोव्ह विकायला आणला तर नुसत्या सांगण्यावर घेऊ नका. त्या दिवशी, तोच ग्लोव्ह, त्याच्या हातात, असा फोटो मागा. होलीफील्ड सहीशेजारी बऱ्याचदा बायबलमधल्या ओवीचा क्रमांक लिहितो, फिलिप्पैकरांस ४:१३. त्याच्या लढतीतल्या कपड्यांवरही तो असायचा.

कॅनास्टोटा, न्यूयॉर्क इथे आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेम आहे. दर जूनमध्ये नव्या मानकऱ्यांचा सोहळा होतो आणि बरेच जुने मुष्टियोद्धे तिथे येतात. इकडे कोणी नातेवाईक असेल तर त्या आठवड्यात स्वतः सही घेणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग. सोबत ग्लोव्ह, दोन मार्कर (लाल किंवा काळ्या ग्लोव्हवर रुपेरी उठून दिसतो) आणि सही होतानाचा फोटो काढायला दुसरा माणूस हवा. सही झाल्यावर निदान दहा मिनिटं तिला हात लावू नका. रुपेरी मार्करमध्ये शाईऐवजी रंग (पेंट) असतो, तो आत मुरत नाही, वर बसतो. ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत घातला की पुसलाच. आणि कोऱ्या ग्लोव्हवर कारखान्यातला मेणचट थर असतो, तो आदल्या दिवशी कोरड्या सुती कापडाने नीट पुसून घ्या, नाहीतर शाई धरतच नाही.

ज्यांची सही नवशिक्याने टाळावी असे दोघे. सनी लिस्टन आणि रॉकी मार्सियानो. लिस्टनला लिहिता-वाचता जेमतेमच यायचं, सह्या मुळातच थोड्या, आणि तो १९७० च्या अखेरीस गेला. मार्सियानो १९६९ साली विमान अपघातात गेला. दोघांच्या खऱ्या सह्या दुर्मिळ, भाव मोठा, म्हणून खोट्यांचा सुळसुळाट. उलट जॅक डेम्प्सीने न्यूयॉर्कमधल्या आपल्या रेस्टॉरंटात कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सह्या दिल्या. १९१९ ते १९२६ चा जगज्जेता, आणि तरी त्याची अस्सल सही आवाक्यात मिळते. जुन्या काळाची आवड असेल तर डेम्प्सीपासून सुरुवात करा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

प्रमाणपत्र तपासायची पद्धत: होलोग्रामवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. नुसतं 'ग्लोव्ह, मुहम्मद अली' असं उत्तर आलं तर तेवढ्यावर थांबू नका, कारण एका खऱ्या ग्लोव्हचा क्रमांक उचलून दहा खोट्या ग्लोव्हवर चिकटवतात. फोटोसकट पूर्ण पत्र असलेली वस्तूच घ्या. मग पत्रातला फोटो आणि विक्रीचा फोटो शेजारी ठेवून बघा: सहीचं पहिलं अक्षर एव्हरलास्टच्या शिक्क्यापासून किती दूर, शेवटचं अक्षर अंगठ्याच्या शिवणीला टेकतं की आधीच संपतं, चामड्यावरची एखादी सुरकुती सहीच्या कुठल्या रेघेतून जाते. दोन ग्लोव्हच्या या खुणा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. स्टिकरचे कोपरे उचललेले किंवा खाली जुन्या गोंदाचा माग दिसला तर सोडून द्या.

प्रमाणपत्र नसलेली वस्तू फारच आवडली, तर या कंपन्या फोटोवरून थोड्या पैशांत प्राथमिक मत देतात. 'बहुधा नापास' आलं की पैसे वाचले. 'बहुधा पास' आलं तरी वस्तू प्रत्यक्ष पाठवून पक्कं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. विक्रेत्याशी आधीच लेखी ठरवा की तिथे नापास झाली तर पूर्ण पैसे परत. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही. पैसे क्रेडिट कार्डाने द्या, थेट वायर ट्रान्सफर नको.

कस्टम्सबद्दल: ड्यूटी आणि आयजीएसटी लागतो, दर बदलत असतात, कुरिअर कंपनीला आधी विचारा. पार्सलवर 'गिफ्ट' लिहून सूट मिळत नाही. आणि किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. माल अडकतो, शिवाय वाटेत हरवला तर विमा तेवढ्याच कमी किमतीचा मिळतो. प्रमाणपत्राचं पत्र ग्लोव्हच्या खोक्यात न घालता वेगळ्या टपालाने मागवा.

---

जतन

साठवणीचं मी सांगतो, कारण कोकणपट्टीतल्या हवेत खरा शत्रू हीच बाजू आहे.

आधी ग्लोव्ह कशाचा आहे ते बघा. अस्सल चामडं असेल तर भीती बुरशीची. कृत्रिम चामडं, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर असेल, तर दमट हवेत तो थर हळूहळू फुटतो: आधी चिकट होतो, मग पापुद्रे निघतात, आणि पापुद्र्यासोबत सही जाते. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून दोन सारख्या वस्तूंत निवड करायची असेल तर चामड्याचा ग्लोव्ह घ्या. विनाइलचा असेल तर त्यातलं तेलकट द्रव्य वर येऊन मार्करची शाई पसरवतं, काळ्या रेघेभोवती जांभळट किंवा तपकिरी कड येते. पन्नास वर्षं जुनी म्हणवणारी सही अशा ग्लोव्हवर कडा ब्लेडने कापल्यासारखी असेल तर तेही संशयाचं कारण.

डबा: यूव्ही अडवणाऱ्या अॅक्रिलिकचा, झाकण घट्ट बसणारं. १६ औंसांच्या ग्लोव्हला साधारण ३५ × २२ × २० सेंमी पुरतो, म्हणजे १५ लिटरच्या आसपास. सिलिका जेल (ओलावा शोषणारे मणी) दर लिटरला २० ग्रॅम हे प्रमाण धरा, म्हणजे ३०० ग्रॅम. पण कोरडं जेल एकदम सगळं टाकू नका. आर्द्रता झपकन ३० टक्क्यांखाली जाते आणि चामडं कडक होऊन शिवणीपाशी तडकतं. आधी १०० ग्रॅम, आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा), दोन दिवसांनी आकडा बघा, मग वाढवा. ४५ ते ५५ टक्के हे लक्ष्य. जेल नारिंगी मण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. मण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास, थंड करून परत. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागेल. डबा किती घट्ट आहे त्यावर आहे.

ग्लोव्हचा आकार टिकवायला आत आम्लरहित टिश्यू कागद सैलसर भरा. वर्तमानपत्र अजिबात नको, त्याचं आम्ल अस्तराला लागतं.

डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत गार आणि ओली असते. लोखंडी कपाटात तळाच्या खणात ठेवणं सगळ्यात वाईट. डांबराच्या गोळ्या जवळपासही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. एलईडीचा दिवा चालेल, पण तोही बघायला आल्यावर लावायचा. दिवस-रात्र उजेड नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सहीवरची धूळ सॅनिटायझर, स्पिरिट किंवा ओल्या वाइप्सने पुसू नका. 'परमनंट' मार्करची शाई पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये लगेच विरघळते. एका पुसण्यात सही गेली म्हणून समजा. घरात झाडलोट करणाऱ्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश पुरेसा आहे, तोही सहीच्या बाजूबाजूने. चामड्याला पॉलिश, खोबरेल, मेण काही लावू नका. 'सही पक्की करायचा' म्हणून कोणी पारदर्शक स्प्रे सुचवेल. त्याने शाई पसरते, थर पिवळा पडतो, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या अशी वस्तू नाकारू शकतात.

अॅक्रिलिकचा डबा काच पुसायच्या स्प्रेने पुसू नका, त्यावर बारीक भेगांचं जाळं उठतं. साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी आणि मायक्रोफायबर कापड.

---

रिंगसाइड_ठाणे

अलीचं पत्रक किंवा मग टायसनचा विटनेस्ड ग्लोव्ह, असं ठरवतोय. आणखी एकच. लिस्टन खाली पडलाय आणि अली वरून ओरडतोय, तो १९६५ चा प्रसिद्ध फोटो सहीसकट बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यात काय बघायचं?

---

शाई_आणि_कागद

२५ मे १९६५, लुइस्टन, मेन. नील लायफरने काढलेला. अलीने या फोटोच्या नंतर काढलेल्या प्रतींवर पुष्कळ सह्या केल्या आहेत, त्यामुळे कागद नवा असणं हा दोष नाही. नियम तोच: कागदाच्या मागे 'फुजीकलर क्रिस्टल आर्काइव्ह' छापलेलं असेल तर तो नव्वदच्या दशकातला किंवा त्यानंतरचा, आणि सहीही लहान, आखडलेली, त्याच काळातली हवी. मागे प्लास्टिकसारखा गुळगुळीत लेप असेल तर तो कागद साठच्या दशकातला मानू नका. तसा कागद सत्तरच्या दशकात रुळला.

फोटो तिरपा धरून उजेडात बघा. छापील सही फोटोच्याच चकाकीत मिसळून जाते. खऱ्या शाईची चकाकी वेगळी दिसते, रुपेरी मार्कर तर किंचित उठावदार असतो. भिंगाखाली सहीच्या रेघेत छपाईचे बारीक ठिपके दिसले की ती छापलेली.

सही कुठे आहे त्यावरही किंमत ठरते. त्या फोटोत मागची गर्दी काळी आहे. तिथे काळ्या मार्करची सही दोन हातांवरूनही दिसत नाही. कॅनव्हासच्या पांढऱ्या भागावर काळी किंवा गर्दीवर रुपेरी, यांपैकी एक बघा. काही सर्टिफिकेटांवर १ ते १० असा सहीचा दर्जा दिलेला असतो, तो शाई किती ठळक आणि अखंड आहे याचा. खरी-खोटी याच्याशी त्याचा संबंध नाही.

---

जतन

फ्रेम करताना काच फोटोला टेकता कामा नये. मध्ये दीड-दोन मिलिमीटर जाडीचा आम्लरहित माउंट घाला, नाहीतर पावसाळ्यात फोटोचा चकचकीत थर काचेला चिकटतो आणि सोडवताना सही काचेवर येते. फोटो चिकटपट्टीने किंवा डिंकाने चिकटवू देऊ नका, कागदी कोपऱ्यांत अडकवायला सांगा. लॅमिनेशन तर मुळीच नाही. फ्रेमवाल्यासमोर उभं राहून करून घ्या आणि मागच्या बाजूला प्रमाणपत्राची झेरॉक्स लावा, मूळ पत्र फाइलमध्ये वेगळं.

---

न्यू_जर्सीकर

भारतातल्या वाचकांसाठी एक पुरवणी. अली १९८० च्या सुरुवातीला भारतात आला होता. दिल्लीत कौर सिंग यांच्याशी आणि मद्रासला नेहरू स्टेडियमवर जिमी एलिसशी त्याच्या प्रदर्शनी लढती झाल्या. त्या दौऱ्यातल्या सह्या इथल्या घरांमधून, जुन्या वह्यांतून निघू शकतात: हॉटेलचा कागद, कार्यक्रमपत्रिका, तिकीट, बहुधा बॉलपेनने. अशी सही हाती आली तर पान वहीतून फाडू नका. आजूबाजूच्या पानांवर त्याच दिवसांतल्या इतर पाहुण्यांच्या सह्या किंवा तारखा असतील तर तोच तिचा सगळ्यात भक्कम पुरावा. अख्खी वही स्कॅन करा, कव्हरसकट, मगच पुढच्या तपासणीला पाठवा.

---

रिंगसाइड_ठाणे

अलीची दोन पत्रकं निवडली आहेत, दोन्हींना जेएसएचं फोटोसकट पत्र आहे. क्रमांक आणि फोटो ताडून इथे टाकतो. डबा आणि हायग्रोमीटर आधीच मागवलाय.

---

शाई_आणि_कागद

टाका. सहीसोबत तारीख असेल तर तीही ठळक दिसेल असा फोटो घ्या, आणि पत्रकाच्या मागची छपाईची ओळ सुद्धा. तिथे छपाईचं वर्ष सापडलं तर सहीखालची तारीख त्याच्या आधीची नाही ना, हे पहिलं तपासू.